शाब्ली

फ्रान्समधील एक प्रसिद्ध पांढरे व कोरडे (साखरेचा अंश अत्यल्प असलेले) द्राक्षमद्य. बर्गंडीच्या उत्तर भागात, शाब्ली गावाच्या परिसरात केवळ शार्दोने जातीच्या द्राक्षांपासून ते तयार करतात. या नावास १९३८ मध्ये फ्रेंच कायद्याचे संरक्षण मिळाले. थंड हवामानामुळे द्राक्षांतील अम्लता टिकून राहते. म्हणून मद्याची चव तरतरीत असून तीत लिंबू व हिरव्या सफरचंदाची छटा आढळते. बहुतेक शाब्ली अगंज पोलादाच्या टाक्यांत तयार होत असल्याने तिला ओकच्या पिंपांचा वास नसतो.

तेथील चुनखडीयुक्त जमिनीत कालवांचे जीवाश्म सापडतात. त्यांच्यामुळेच हे मद्य कालवांशी जुळते, असा समज रूढ आहे. तथापि जमिनीतील खनिजांची चव मद्यात प्रत्यक्ष उतरते, यास शास्त्रीय आधार नाही. खरे कारण अम्लता होय. खारट कालवांवर लिंबू पिळल्याने जे साधते, तेच येथे मद्य साधते. लोणी वा साय घालून केलेल्या मासळीच्या पदार्थांचा जडपणाही त्यामुळे जाणवत नाही. शेळीच्या दुधाच्या आंबूस चीजबरोबरही ते घेतात. गोड पदार्थांबरोबर मात्र ते अधिकच आंबट लागते. ते सु. १०° से. तापमानास थंड करून देतात.