शर्यतींतील शेवटची गाडी

शर्यतीचा निकाल वाचण्याची रीत सर्वत्र एकच आहे. पहिलें नांव मोठ्यानें, दुसरें-तिसरें त्याहून जरा हळू, आणि पुढचीं नांवें ऐकावयास सहसा कोणी थांबत नाहीं. टूर द फ्रान्स या सुप्रसिद्ध सायकल-शर्यतीनें मात्र शेवटल्या स्वाराला एक खास नांव देऊन ठेविलें आहे: 'लाल कंदील'. आगगाडीच्या शेवटल्या डब्यामागें जो तांबडा दिवा असे, त्यावरून हें नांव पडलें. तो दिवा दिसला म्हणजे गाडी अखंड गेली, मधून कोठें डबा सुटून मागें राहिला नाहीं, अशी स्टेशनावरील माणसाची खात्री होई. ज्या शर्यतींविषयीं येथें विवेचन करावयाचें आहे, त्यांत पेट्रोल नाहीं, धूळ नाहीं, आणि खरें पाहतां गाडीहि नाहीं. तथापि शेवटचा दिवा तेथें आहे, आणि त्याचें काम आगगाडीच्या दिव्याहून फारसें निराळें नाहीं.

या शर्यती संगणकावर होतात. चालक आपल्या घरीं खुर्चीवर बसतो. समोर पडदा, हातीं स्टीअरिंगचें चाक, पायांशीं ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. हें चाक मुलांच्या खेळण्यांतलें नव्हे. त्याच्या पोटांत मोटर असते, आणि पडद्यावरील गाडीच्या टायरची पकड सुटूं लागली कीं ती हाताला तसा भास करून देते. शर्यतीचे मार्गहि मनचे नसतात. पुष्कळ मार्गांची लेझर-किरणांनीं मोजणी केलेली असून त्यांवरील खांचखळगे जसेच्या तसे उतरविलेले असतात. या विद्येचा आरंभ बराच जुना आहे. अमेरिकेंतील पॅपिरस या मंडळीनें १९८९ सालीं इंडियानापोलिसच्या शर्यतीचा संगणकीय खेळ काढला, आणि १९९८ सालीं 'ग्रां प्री लेजंड्स' हा १९६७ च्या गाड्यांवरील खेळ काढून त्यांत इतका काटेकोरपणा आणिला कीं, नवख्याला पहिली फेरी धडपणें पुरी करणेंहि कठीण जाई. पॅपिरसच्या संस्थापकांपैकीं डेव्ह केमर यांनींच पुढें 'आयरेसिंग' ही संस्था उभारली. २००८ पासून ती चालू असून जगाच्या निरनिराळ्या भागांतील चालक वर्गणी भरून तिच्यांत एकाच वेळीं, एकाच मार्गावर उतरतात. याशिवाय 'आरफॅक्टर', 'असेत्तो कोर्सा' इत्यादि खेळांवर हौशी मंडळींच्या लहान-मोठ्या लीग चालतात. आठवड्यांतील एक रात्र ठरलेली, प्रत्येक शर्यतीस गुण, आणि हंगामाच्या शेवटीं त्या गुणांची बेरीज, असा त्यांचा सामान्य शिरस्ता असतो.

आतां शेवटचा कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. पुऱ्या केलेल्या फेऱ्यांच्या क्रमानें निकालपत्र तयार होतें. त्यामुळें त्याच्या तळाशीं अगदीं भिन्न प्रकृतीचीं माणसें शेजारीं शेजारीं येतात. एकाची गाडी पहिल्याच वळणावरील गर्दींत चेंगरली. दुसऱ्याच्या घरची वीज किंवा इंटरनेट गेलें. तिसरा रागावून उठून गेला. चौथ्यानें मात्र सगळी शर्यत नेमकेपणानें पुरी केली. फक्त तो इतरांहून मंद होता. तळाच्या नांवांत खऱ्या अर्थानें शेवटचा आला तो हा चौथा, कारण बाकीचे शेवटपर्यंत आलेच नाहींत.

हा चौथा मनुष्य कितीसा मंद असतो? एक उदाहरण घेऊं. समजा, अग्रेसर गाडी एक फेरी १०० सेकंदांत घेते, आणि मार्गावर १६ वळणें आहेत. शेवटचा चालक प्रत्येक वळणावर भीतीपोटीं थोडा आधीं ब्रेक दाबतो आणि पाव सेकंद गमावतो. ताशीं १४४ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी पाव सेकंदांत १० मीटर जाते. म्हणजे चूक फार तर दहा मीटरांची. परंतु १६ वळणांचे मिळून ४ सेकंद होतात, आणि त्याची फेरी १०४ सेकंदांची होते. २५ फेऱ्यांत ही तूट बरोबर १०० सेकंदांची भरते. म्हणजे तो पंचविसावी फेरी पुरी करतो त्याच क्षणीं अग्रेसर सव्विसावी पुरी करून त्याच्या शेजारीं येऊन ठाकतो. पाव सेकंदाचा हा हिशेब पाहिला म्हणजे शेवटच्याला हंसणाऱ्यानें जरा विचार करावा.

अशा वेळीं निळें निशाण दाखविलें जातें. मागून वेगवान गाडी येत आहे, असा त्याचा अर्थ. नवख्याला वाटतें कीं, सौजन्य म्हणून चटकन बाजूस व्हावें. आणि अपघात घडतात ते बहुधा याच सौजन्यामुळें! मागच्याला पुढच्याच्या मनांतलें दिसत नाहीं. त्याला फक्त गाडीची दिशा दिसते. म्हणून पुढच्यानें आपली रेघ सोडूं नये आणि सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर किंचित् सैल करून वाट द्यावी, असा जाणत्यांचा उपदेश आहे. एका शर्यतींत शेवटच्याला हा प्रसंग अनेकदां येतो, अग्रेसराला क्वचितच. वाट देण्याची ही कला निकालपत्रावर कोठेंच उमटत नाहीं. परंतु ती ज्याला येत नाहीं, त्याच्यापायीं पहिल्या क्रमांकाची लढत मातीस मिळते.

आणखी एक अडचण या शर्यतींत आहे, ती खऱ्या रस्त्यावर नाहीं. प्रत्येक चालकाची खबर दूरच्या मध्यवर्ती संगणकाकडे जाऊन तेथून इतरांकडे पोंचते, आणि या प्रवासाला थोडा वेळ लागतो. समजा, एक दशांश सेकंद. ताशीं १८० किलोमीटर वेगानें गाडी सेकंदाला ५० मीटर जाते. तेव्हां एक दशांश सेकंदांत ती ५ मीटर, म्हणजे आपल्या लांबीहून अधिक, पुढें गेलेली असते. ही उणीव भरून काढण्यासाठीं संगणक इतर गाड्या आतां कोठें असाव्यात याचा अंदाज करून त्या पडद्यावर दाखवितो. अंदाज बहुधा बरोबर येतो. चुकला, तर एकाच्या पडद्यावर दोन गाड्यांत हातभर अंतर असतें, आणि दुसऱ्याच्या पडद्यावर त्या एकमेकींवर आदळलेल्या असतात. दोघेहि आपापल्या परीनें खरें बोलत असतात! मध्यवर्ती संगणक युरोपांत किंवा अमेरिकेंत असला, तर मुंबई-पुण्याहून खेळणाऱ्याच्या वांट्याला हा विलंब साहजिकच अधिक येतो.

आयरेसिंगमध्यें चालकाची पारख दोन आंकड्यांनीं होते. पहिला आंकडा वेगाचा. अमेरिकेंतील प्राध्यापक आर्पाड एलो यांनीं बुद्धिबळपटूंसाठीं जी मानांकन-पद्धति बसविली, तिच्याच धर्तीवर हा काढतात. नवागताला आरंभीं १३५० हा आंकडा मिळतो. पुढें वरच्यांना जें मिळतें तें खालच्यांच्या खात्यांतून येतें. प्रवेश पुष्कळ आले म्हणजे या आंकड्यांप्रमाणें चालकांचे गट पाडून प्रत्येक गटाची शर्यत निराळी घेतात. याचा परिणाम मोठा चमत्कारिक होतो. वरच्या गटांत जो शेवटचा येतो, तोच खालच्या गटांत असता तर कदाचित् पहिला आला असता! तसेंच, बलवानांच्या गर्दींत सांपडलेला दुबळा तळाशीं आला तरी त्याचा आंकडा थोडाच घसरतो. दुबळ्यांत हरलेल्या बलवानाला मात्र जबर किंमत द्यावी लागते. शाळेंत हुशार मुलांची एक तुकडी निराळी केली, तरी त्या तुकडींतहि एक शेवटचा नंबर उरतोच; तो काढून टाकण्याची युक्ति अद्याप कोणाला सांपडलेली नाहीं.

दुसरा आंकडा सावधगिरीचा. गाडी मार्गाबाहेर गेली कीं एक दोष, ताबा सुटला कीं दोन, दुसऱ्या गाडीवर जोरानें आदळली कीं चार. आणि किती वळणें घेतलीं असतां किती दोष घडले, हें प्रमाण पाहून चालकाचा परवाना वर चढतो किंवा खालीं उतरतो. टक्कर कोणाच्या चुकीनें झाली, याची संगणक चौकशी करीत नाहीं. दोघांच्याहि नांवावर दोष मांडतो. हा न्याय आंधळा आहे खरा, आणि त्याबद्दलची कुरकुर अखंड चालूं असते. परंतु त्यांतून एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली आहे. जो नवखा आपण होऊन पहिल्या वळणावरच्या गर्दीच्या मागें राहतो, २० फेऱ्या कोणाला न धडकतां पुऱ्या करतो, तो शेवटचा आला तरी त्याचा परवाना वाढतो. आणि पहिल्या दहांत येण्याच्या हव्यासानें चार गाड्या मोडणारा जेथल्या तेथें राहतो. शेवटच्या क्रमांकाला एवढें उघड मोल देणारी दुसरी शर्यत विरळाच.

खऱ्या मोटारींच्या शर्यतींत शेवटच्या क्रमांकालाहि पैशाचें मोल होतें. अमेरिकेंतील नॅसकारच्या शर्यतींत तळाच्या क्रमांकांनाहि बक्षिसाची रक्कम मिळे. म्हणून कांहीं गरीब चमू गाडी आरंभरेषेवर आणीत, थोड्या फेऱ्या मारीत आणि टायरचा खर्च वांचविण्यासाठीं गाडी परत नेऊन उभी करीत. याच्या अगदीं उलट जे. डी. मॅकडफी यांचें उदाहरण. १९६३ पासून १९९१ पर्यंत त्यांनीं नॅसकारच्या सर्वोच्च श्रेणींत ६५३ शर्यतींत भाग घेतला, आणि त्यांत त्यांना एकहि विजय मिळाला नाहीं. ११ ऑगस्ट १९९१ रोजीं वॉटकिन्स ग्लेन येथील शर्यतींत त्यांचा अंत झाला. घरांतल्या खुर्चीवर बसून धांवणाऱ्याला प्राणाची भीति नाहीं, आणि शेवटच्याला दमडीहि मिळत नाहीं. उलट वर्गणी त्यानेंच भरलेली असते. मग गमावण्यासारखें उरतें काय? तर पत, आणि तिच्यासाठीं माणसें काय करतात, तें २०२० सालीं जगाला दिसलें.

त्या वर्षीं कोविडच्या सांथीमुळें शर्यतीचे मार्ग बंद पडले, आणि नामांकित चालकांना संगणकापुढें बसावें लागलें. ५ एप्रिल रोजीं ब्रिस्टलच्या आभासी शर्यतींत नॅसकारचे बब्बा वॉलेस यांची क्लिंट बोयर यांच्याशीं टक्कर झाली, आणि वॉलेस प्रेक्षकांच्या देखत खेळ बंद करून निघून गेले. त्यांच्या गाडीवर जिचें नांव झळकत होतें, त्या ब्लू-एमू या मलमाच्या कंपनीनें लागलीच जाहीरपणें त्यांचा आश्रय काढून घेतला. टक्कर झाली याबद्दल कोणीच त्यांना बोल लाविला नसता. उठून जाणें महाग पडलें.

दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. विजेच्या मोटारींच्या 'फॉर्म्युला ई' या मालिकेनें त्याच सुमारास युनिसेफच्या साहाय्यार्थ आभासी शर्यती भरविल्या. त्यांचा नियम कठोर होता: शेवटीं असलेली गाडी फेरीगणिक बाद करावयाची, आणि दहाच गाड्या उरेपर्यंत हा क्रम चालवावयाचा. शेवटचा क्रमांक म्हणजे सर्वांसमक्ष हकालपट्टी! आउडीचे चालक डॅनियल आप्ट यांची गाडी आधींच्या शर्यतींत मागेंच राहत असे. २३ मे रोजीं मात्र ती एकदम तिसरी आली. इतर चालकांना संशय आला, तपास झाला, आणि आप्ट यांच्या नांवानें या खेळांतला एक तरबेज खेळाडू गाडी चालवीत होता, असें उघड झालें. आप्ट यांना बाद ठरवून १०,००० युरो धर्मादाय देण्यास सांगण्यांत आलें, आणि आउडीनें त्यांना निलंबित केलें. हा केवळ गमतीचा बेत होता, असें त्यांनीं मागाहून सांगितलें. तें खरेंहि असूं शकेल. परंतु आप्ट त्या दिवशीं आपल्या हातानें चालवून शेवटचे आले असते, तर दुसऱ्या दिवशीं तें कोणाच्या स्मरणांतहि राहिलें नसतें.

नामांकितांचें सोडून हौशी मंडळींच्या लीगकडे वळलें, कीं शेवटच्या क्रमांकाचें खरें महत्त्व कळतें. समजा, हंगामाच्या आरंभीं वीस चालक आहेत. विसावा दोन-चार वेळां शेवटचा येतो, कंटाळतो आणि येईनासा होतो. त्यामुळें शेवटची जागा नाहींशी होत नाहीं. ती एकोणिसाव्याकडे जाते. काल ज्याच्या मागें एक गाडी होती, त्याच्या मागें आज कोणी नाहीं. महिन्यानें तोहि जातो, आणि मग पाळी अठराव्याची. अशा रीतीनें लीग खालून झिजूं लागते. वरच्या चौघांना त्याची जाणीव होते तेव्हां मार्ग ओसाड पडलेला असतो, आणि आठ गाड्यांतील पहिल्या क्रमांकाचा मान तरी केवढा? उलट, तो विसावा मनुष्य नेमानें येत राहिला, तर इतर एकोणीस जणांच्या मागें कोणीतरी आहे एवढ्या आधारावरच लीगचा हंगाम पार पडतो.

सुज्ञ संयोजकांनीं हें ओळखून कांहीं उपाय योजिले आहेत. कोणी सर्वांत वाईट दोन निकाल हिशेबांतून वगळतात, म्हणजे एका रात्रीच्या अपघातानें हंगाम बुडत नाहीं. कोणी विजेत्याच्या गाडीवर पुढील शर्यतीसाठीं वजन चढवितात. कोणी दुसरी शर्यत उलट क्रमानें सोडतात. यांपैकीं वजनाचा उपाय वरच्यांना रुचत नाहीं, आणि उलट क्रमाच्या शर्यतींत पहिल्या वळणावर मोडतोड फार होते. म्हणून ठराविक अंतर पुरें करणाऱ्या प्रत्येकाला निदान एक गुण द्यावा, हाच नियम त्यांतल्या त्यांत निर्दोष दिसतो. याला खर्च कांहीं नाहीं. पुष्कळ लीगच्या शर्यतींचें समालोचन इंटरनेटवर होत असतें. त्यांत अठराव्या आणि एकोणिसाव्या गाडीमधील झुंज जर पांच मिनिटें दाखविली, तर पुढच्या आठवड्यांत ते दोघेहि ठरल्या वेळीं हजर असण्याचा संभव पुष्कळच वाढतो.