पाळण्यात बसण्याआधी पिशवी कुठे ठेवाल?

जत्रा म्हटली की पाळणा आलाच. देवदर्शन होते, नारळ फुटतो, रेवड्या घेतल्या जातात. मग पोरे हट्ट धरतात, “पाळण्यात बसायचं!” पोरांबरोबर मोठी माणसेही बसतात. मौज वाटते. थोडी मौज करावी, त्यात वाईट काही नाही.

आता पाळण्याचे मोठे भाऊही आले आहेत. शहरांजवळ करमणुकीची मोठी उद्याने झाली आहेत. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ असे एक उद्यान आहे. त्याचे नाव इमॅजिका. ते २०१३ साली सुरू झाले. शाळांच्या सहली तिथे जातात. गावची मंडळीही गाडी ठरवून जातात.

तिथे ‘नायट्रो’ नावाचा रोलर कोस्टर आहे. रोलर कोस्टर म्हणजे काय? उंच लोखंडी खांबांवर वाकडेतिकडे रूळ टाकलेले असतात. त्या रुळांवरून एक उघडी गाडी धावते. गाडीला स्वतःचे इंजिन नसते. साखळी तिला ओढत उंचावर नेते आणि तिथून सोडून देते. पुढे ती आपल्याच वजनाने धावते. घाटाच्या उतारावर सायकल पायडल न मारता धावते ना, तशीच. नायट्रो सुमारे ४० मीटर उंच आहे. म्हणजे साधारण १३० फूट. त्याचा वेग तासाला सुमारे १०० किलोमीटर होतो. वाटेत तो माणसांना पाच वेळा उलटे करतो. आणि बसणाऱ्याच्या पायाखाली तळ नसतो. पाय अधांतरी लोंबतात.

आता सांगा, अशा गाडीत हातातली पिशवी, खिशातला फोन आणि पायातली चप्पल यांचे काय होईल?

वस्तू का पडतात?

गोफण सगळ्यांनी पाहिली आहे. दगड गोफणीत असतो, तोवर तो गोल फिरतो. एक दोरी सुटली की दगड सरळ लांब जातो. तो फिरत होता, कारण गोफणीने त्याला धरले होते.

एस. टी. चेही तसेच. ड्रायव्हरने अचानक ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो. गाडी थांबली, पण आपले अंग पुढेच जाऊ पाहते. गाडी वळली की आपण बाहेरच्या बाजूला कलतो. फळीवर ठेवलेले बोचके तर कधी कधी डोक्यावरच येते.

रोलर कोस्टरमध्ये हेच होते, पण फार जोराने. तुमच्या छातीवर लोखंडी अडणी असते. ती तुम्हाला धरून ठेवते. गाडी वळली की तुम्हीही वळता. पण वरच्या खिशातल्या फोनला कोणी धरलेले नसते. गाडी खाली वळते आणि फोन सरळ निघून जातो. तुम्ही हाताने धरून ठेवाल म्हणता? गाडी खाली कोसळते, तेव्हा दोन्ही हात आपोआप अडणीला घट्ट धरतात. पिशवीची आठवण कोणाला राहणार?

पडले तर नुकसान कोणाचे?

कुणी म्हणेल, “पडली तर पडली. माझीच वस्तू पडेल ना!”

तसे नाही. खाली माणसे उभी असतात. जत्रेतल्या पाळण्याचे घ्या. समजा, तो ४० फूट उंच आहे. पिशवीत प्रसादाचा नारळ आहे. पिशवी वरून सुटली. दीड सेकंदात ती खाली येते. खाली पोहोचते, तेव्हा तिचा वेग तासाला ५० किलोमीटरहून जास्त असतो. तो नारळ एखाद्या लेकराच्या डोक्यात बसला तर? वस्तू तुमची, पण जीव दुसऱ्याचा जाईल.

ही नुसती भीती घालण्याची गोष्ट नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो नावाचे शहर आहे. तिथल्या एका उद्यानात दोन रोलर कोस्टर एकमेकांच्या अगदी जवळून धावत. २०११ सालच्या उन्हाळ्यात दोन वेगवेगळ्या दिवशी, गाडीत बसलेल्या माणसांना काहीतरी उडत येऊन लागले. त्यांतल्या एकाचा एक डोळा गेला. तेव्हापासून उद्यानाने त्या दोन गाड्या एका वेळी सोडणे बंद केले. वेगात धावताना लहानशी वस्तूही गोफणीच्या दगडासारखी लागते, हे यावरून कळते.

घरीच ठेवावे ते घरी ठेवा

वस्तू सांभाळण्याची सुरुवात घरातून निघतानाच होते. जी वस्तू नेली नाही, ती हरवत नाही.

सोन्याचे दागिने घरी ठेवा. सगळी रक्कम बरोबर घेऊ नका. तिकीट, जेवण, परतीचे भाडे आणि अडीअडचणीला थोडे जास्त, एवढेच घ्या. तेही एकाच ठिकाणी ठेवू नका. दोघा-तिघांत वाटून ठेवा.

मंगळसूत्र काढायला बायांचे मन धजत नाही. ते खरेच आहे. मग निघतानाच सोन्याचे मंगळसूत्र घरी ठेवावे आणि साधी काळी पोत घालावी. ती आखूड असावी. लांब पोत अडणीखाली सापडते आणि तुटते.

पण काही माणसे दुसऱ्या कामासाठी निघतात आणि वाटेत पाळणा लागतो. हे दोघांचे बोलणे ऐका.

भाचा म्हणाला, “मामा, चला की पाळण्यात.”

मामा म्हणाले, “अरे, बियाण्याचे चार हजार आहेत खिशात.”

“मग काय झालं? खिशातच राहतील.”

“वरचा खिसा आहे रे हा. वाकलो तरी विडी पडते. पाळण्यात चार हजार कसे राहतील?”

“मग मामींकडं द्या. त्या कुठं बसणार आहेत?”

“हां, हे बरोबर बोललास. आधी पैसे तिच्याकडं, मग पाळणा.”

मामांनी बायकोच्या हातात पैसे मोजून दिले. मामींनीही मोजून घेतले. पेरणी त्या पैशांवर होती. पाच मिनिटांच्या मौजेसाठी वर्षाचे पीक धोक्यात घालायचे नसते.

पिशवी कोणाकडे द्यावी?

प्रत्येक घरात न बसणारे कोणीतरी असतेच. गरोदर बाईने अशा गाडीत बसू नये. ज्याला हृदयाचा विकार आहे, किंवा ज्याची पाठ अगर मान दुखते, त्यानेही बसू नये. लहान मुलांना उंचीची अट असते. अशा घरच्या माणसाजवळ पिशवी द्यावी. ती मोठ्या माणसाकडे द्यावी, पोराकडे नको.

मात्र एकाच माणसाला दिवसभर राखण करायला लावू नका. सून बसली की सासूने पिशवी धरावी, मुलगा बसला की बापाने धरावी. पाळीपाळीने करावे. उद्यान पाहायला सगळेच आले आहेत.

शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला, “दोन मिनिटं धरता का?” असे म्हणू नका. तो चांगला असेलही. पण तुम्ही खाली येईपर्यंत तो थांबेलच असे नाही.

लॉकर कसा वापरावा?

मोठ्या उद्यानांत भाड्याने लॉकर मिळतो. लॉकर म्हणजे कुलपाचा कप्पा. तो घेताना चार गोष्टी आधी विचारा. भाडे किती? अनामत किती आणि ती परत कधी मिळेल? दिवसात पुन्हा पुन्हा उघडता येतो का? किती वाजता बंद होतो?

पैसे दिले की पावती घ्या. पावती वाचा. लॉकरचा नंबर पाहा आणि दुसऱ्या कागदावर लिहून घ्या. तुम्हाला आता आकडे लिहिता येतात. त्याचा उपयोग इथे होतो.

कुलूप लावल्यावर दार एकदा ओढून पाहा. काही लॉकरना किल्ली असते. काहींना आकडे जुळवायचे असतात. आकडे तुम्ही ठरवायचे असतील, तर १-२-३-४ ठेवू नका. ते चोरालाही सुचते. आकडे जुळवताना मागे कोणी बघत नाही ना, हे पाहा. किल्ली वरच्या खिशात ठेवू नका. चेन असलेल्या खिशात ठेवा, नाहीतर बरोबरच्या माणसाकडे द्या. किल्लीच हरवली तर लॉकर घेऊन काय उपयोग?

काही ठिकाणी गाडीत चढण्याच्या जागी उघडे कप्पे असतात. त्यांना कुलूप नसते. त्यांत चप्पल, टोपी, पाण्याची बाटली ठेवावी. पैशाचे पाकीट ठेवू नये. तुम्ही फिरून येईपर्यंत तिथे दुसरी माणसे येतात-जातात.

दम्याची फवारणी किंवा रोजचे औषध दूरच्या लॉकरमध्ये कोंडू नका. ते बरोबरच्या माणसाकडे द्या. कुठल्या वेळी लागते, तेही सांगा.

अंगावरच्या वस्तू

चष्मा काढा. काढायचा नसेल, तर त्याला दोरी बांधून मानेमागे घट्ट करा. तिथल्या माणसाने काढायला सांगितले, तर काढा. आजोबांना कवळी असेल, तर तीही काढून रुमालात बांधावी. हसू नका. ओरडताना कवळी निसटते, आणि नवी कवळी स्वस्त नसते.

फोन हातात धरून फोटो काढू नका. आजकाल फोनमध्येच बँक असते. फोन गेला की पैशाचे दारही उघडे पडते.

कनवटीला लावलेले पैसे आणि पदराच्या गाठीतले पैसे रोजच्या कामात टिकतात. या गाडीत ते टिकत नाहीत. गाठ सैल होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. पदर कमरेला घट्ट खोचा. ओढणी काढून पिशवीत ठेवा. लांब केसांचा अंबाडा बांधा. हरियाणात पिंजोर येथे २०१८ साली एक बाई लहान मोटारीच्या खेळात बसली होती. तिचे केस चाकात अडकले आणि तिचा जीव गेला. पिशवी हरवली तर दुसरी घेता येते. माणूस दुसरे मिळत नाही.

वस्तू पडलीच तर?

तर तिच्यामागे जाऊ नका. गाडी थांबेपर्यंत बसून राहा. उतरल्यावर तिथल्या कामगाराला सांगा. वस्तू कोणती, कुठे पडली, किती वाजता पडली, हे सांगा. आपले नाव आणि पत्ता लिहून द्या. गाडी थांबवून आत शोधायचे काम त्यांचे आहे.

कुंपण ओलांडून आत जाऊ नका. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात २००८ साली एक सतरा वर्षांचा मुलगा दोन कुंपणे चढून आत गेला. तो टोपी आणायला गेला होता, असे पाहणाऱ्यांनी सांगितले. वरून गाडी आली आणि तो जागीच मेला. ओहायो राज्यात २०१५ साली एक माणूस आपली पडलेली वस्तू शोधायला कुंपणाच्या आत गेला. तोही गाडीचा तडाखा बसून मेला. टोपीची किंमत किती, आणि जिवाची किती?

पडलेला फोन सापडला नाही, तर दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि फोनच्या कंपनीला लगेच कळवा. सिम बंद करायला सांगा. पोलिसांत तक्रार द्या.

पाट्या वाचा

गाडीजवळ पाट्या लावलेल्या असतात. पूर्वी आपण त्यांच्यासमोरून तसेच पुढे जात होतो. आता थांबा आणि वाचा. साधारण अशा पाट्या असतात:

सैल वस्तू बरोबर नेऊ नका.

केस व ओढणी बांधा.

कुंपण ओलांडू नका.

आपल्या सामानाची जबाबदारी आपल्यावर.

शेवटची पाटी नीट वाचा. सामान हरवले तर आम्ही भरून देणार नाही, असा तिचा अर्थ आहे. म्हणून सांभाळणे आपल्याच हाती आहे. पाटी दुसऱ्या भाषेत असेल, तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

लक्षात ठेवा

१. सोने आणि मोठी रक्कम घरी ठेवा.

२. पिशवी घरच्या माणसाकडे द्या, नाहीतर लॉकरमध्ये ठेवा.

३. लॉकरचा नंबर लिहून घ्या. किल्ली जपा.

४. खिसे रिकामे करा. पदर, ओढणी, केस बांधा.

५. पडलेल्या वस्तूमागे जाऊ नका. कामगाराला सांगा.

एवढे केले की मग निर्धास्त बसा. हात मोकळे, मन मोकळे. गाडी उलटी झाली, तरी हरवायला जवळ काही नाही. मग खुशाल ओरडा आणि खुशाल हसा!