कार्यालयातील संगणकालाही बेणेप्रक्रिया हवी

उसात काणी कशी येते, हे वडगाव निंबाळकरच्या बागायतदाराला सांगायला नको. रोगट प्लॉटातले बेणे आणून लावले की चांगल्या रानातही काणीचे काळे चाबूक दिसू लागतात. संगणकातल्या व्हायरसचेही असेच आहे. दुसऱ्या कार्यालयातून आलेला पेनड्राइव्ह, अनोळखी ई-मेल, फुकटात उतरवून घेतलेला प्रोग्रॅम, हे सारे त्याचे रोगट बेणे.

आज ग्रामपंचायत, विकास सोसायटी, दूध संस्था, खताचे दुकान, सगळीकडे संगणक आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. कर्जखाती, घरपट्टी, जन्म-मृत्यूच्या नोंदी संगणकात गेल्या. आता ऐन हंगामात तो बंद पडला आणि सभासदाला बेबाकी दाखला मिळाला नाही, तर नवे कर्ज अडते. नुकसान संगणकाचे नव्हे, शेतकऱ्याचे होते.

"आपल्या खेड्यातल्या संगणकात चोरण्यासारखं काय आहे?" असे पुष्कळ जण म्हणतात. पण व्हायरस गाव बघून येत नाही. रॅन्समवेअर नावाचा प्रकार फायलींना कुलूप लावतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. जुलै २०२४ अखेर बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर असा हल्ला झाला, आणि सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांची पैसे पाठवण्याची सेवा काही काळ बंद ठेवावी लागली.

मग अँटिव्हायरस कोणता घ्यावा? दुकानात जाण्याआधी आपल्या संगणकात विंडोज कोणती आहे, ते पाहा. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. पुढे जादा मुदतीची सोय आहे, पण ती कायमची नाही. बांध फुटलेला असताना नुसता राखणदार ठेवून काय उपयोग? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या व्हायरसने दीडशेवर देशांत धुमाकूळ घातला. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात सापडले. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये, आली होती. ज्यांनी ती घेतली नाही, ते अडकले. म्हणून 'अपडेट' आले की 'नंतर' म्हणू नका.

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस मुळातच असतो, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. विंडोज अस्सल असेल, अपडेट वेळेवर होत असेल आणि काम पत्रे, दाखले, हिशेब एवढेच असेल, तर तो बहुतेकांना पुरतो. मात्र रोज बाहेरचे पेनड्राइव्ह लागत असतील, पैशाचे व्यवहार होत असतील आणि अडचणीला मराठीत बोलणारा माणूस हवा असेल, तर विकतचा घ्यावा. या धंद्यात आपली माणसेही आहेत. क्विक हील हा पुण्यातला अँटिव्हायरस. मूळचे रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, आणि पुढे भाऊ संजय यांच्यासह त्यांनी ही कंपनी उभी केली. पण नाव ओळखीचे म्हणून नको, आणि परदेशी म्हणूनही नको. जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा दर दोन महिन्यांनी तपासणी करून संरक्षण, वेग आणि वापरातील सोय यांना प्रत्येकी ६ पैकी गुण देते. तो निकाल कुणालाही फुकट पाहता येतो.

खरेदी करताना एवढे विचारा: परवाना किती संगणकांचा, किती वर्षांचा? पुढच्या वर्षी नूतनीकरणाला किती पडेल? पहिल्या वर्षी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट, असेही घडते. जुना संगणक त्याने मंदावेल का, हे मोफत चाचणी-मुदतीत पाहून घ्या. पक्के बिल घ्या, ऑडिटला लागतेच.

दोन अँटिव्हायरस एकदम टाकू नका. एका पंपात दोन न जुळणारी औषधे मिसळल्यासारखे होते. मुदत संपलेला आधी काढा, मग नवा टाका. 'क्रॅक' केलेली फुकटची प्रत तर घेऊच नका, बहुतेकदा त्यातच व्हायरस असतो. पडद्यावर "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असे आले, तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

सगळे केले तरी अँटिव्हायरस म्हणजे विमा नव्हे. विमा म्हणजे बॅकअप. दर आठवड्याला सगळ्या नोंदींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झाले की ती काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली, तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतो. महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल उघडून बघा.

घात झालाच, तर आधी इंटरनेटची वायर काढा. खंडणी भरू नका, पैसे देऊनही फायली मिळतीलच असे नाही. पैशाची फसवणूक असेल तर लगेच १९३० वर कळवा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

सरपंच, सचिव आणि ग्रामसेवक भाऊसाहेब, येत्या मासिक सभेत हा विषय घ्याच. अपडेट कोण बघणार, बॅकअप कोण घेणार आणि परवाना कधी संपतो, या तीन गोष्टी इतिवृत्तात नावानिशी लिहा. ज्या कामाला नाव लागत नाही, ते काम आपल्याकडे होत नाही.