ट्यूबलाईट लावताना खरंच तासभराची वीज खाते का?

आज बोलूया आमच्या भूगावच्या घरात वर्षानुवर्षं चाललेल्या एका भांडणाबद्दल.

स्वयंपाकघरातून बाहेर पडताना मी ट्यूब बंद केली, की पप्पा म्हणायचे, "अरे, राहू दे चालू. परत लावली की तासभराची लाईट एकदम खाते." तुमच्याही घरी हे ऐकलं असेलच. मग संध्याकाळी चार-चार तास रिकाम्या खोलीत ट्यूब जळत राहायची.

आता ट्यूब लागते कशी ते बघा. बटण दाबलं की आधी स्टार्टरमधून करंट जातो आणि ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा तापतात. त्या वेळी करंट नेहमीपेक्षा जास्त असतो, साधारण दीडपट. पण किती वेळ? एक-दोन सेकंद! मग स्टार्टर सुटतो, चोक जोरात व्होल्टेजचा झटका देतो आणि ट्यूब पेटते. म्हणजे जास्तीचा खर्च फार तर काही सेकंदांचा.

पटत नाही? आकडे लावू. ४० वॉटची ट्यूब आणि जुना चोक मिळून साधारण ५५ वॉट. तासभराची ही वीज दोन सेकंदांत खायची, तर घरात ४०० अँपिअरच्या वर करंट लागेल. एमसीबी कधीच खाली पडली असती!

तरी पप्पा ऐकेनात. मग एका रात्री फ्रिजसकट सगळं बंद केलं आणि मोबाईलचा स्टॉपवॉच घेऊन आम्ही दोघं मीटरसमोर उभे राहिलो. मीटरवर एक लाल दिवा मिचकतो. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्स लिहिलंय, म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा. एकटी ट्यूब चालू असताना तो साधारण २० सेकंदांनी मिचकत होता, म्हणजे तासाला १७६ वेळा. मग ट्यूब लागोपाठ दहा वेळा लावली-विझवली. पप्पांच्या हिशेबाने दिवा १७६० वेळा मिचकायला हवा होता. मिचकला जेमतेम दोन-तीन वेळा. पप्पा गप्प.

मी जिंकलो? थांबा. त्यानंतर मी दर दोन मिनिटांनी खटाखट बटण दाबायला लागलो. काही महिन्यांत ट्यूबची टोकं काळी पडली आणि ती गेली. पप्पा हसले, "बघ!"

आणि इथे त्यांचं बरोबर होतं. प्रत्येक वेळी ट्यूब लागताना टोकांच्या तारांवरचा लेप थोडा झिजतो. म्हणूनच ट्यूबचं आयुष्य मोजताना ती एकदा लावली की तीन तास चालते असं धरतात. चालू-बंद वाढलं की आयुष्य घटतं. जुन्या लोकांनी ट्यूब लवकर जाताना पाहिली होती, फक्त कारण बिलावर ढकललं.

मग करायचं काय? सीएफएलसाठी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला ट्यूबलाही लावता येतो: १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ बाहेर असाल तर बंद करा, लगेच परतणार असाल तर राहू द्या. एलईडी असेल तर हा प्रश्नच नाही, बिनधास्त बंद करा. आणि गेलेली ट्यूब फोडू नका, आत पारा असतो.

रोजचे ते चार तास म्हणजे महिन्याला साडेसहा युनिट. आता आमच्याकडे बटण पप्पाच बंद करतात, घड्याळ बघून!

तुमच्या मीटरचा दिवा आज रात्री मोजून बघा. भेटू पुढच्या भागात.