राजाचा चित्रकार, वाड्याचा कारभारी

सतराव्या शतकात दिएगो व्हेलाझ्केझनं (१५९९–१६६०) स्पेनच्या चौथ्या फिलिप राजाकडे तब्बल सदतीस वर्षं नोकरी केली. नाव झालं चित्रांमुळे, पण वेळ गेला भलत्याच कामांत. त्या नोकरीतले आणि त्याच्या चित्रांचे हे काही किस्से.

आधी अंडी, मग राजा
सेव्हियामध्ये पाचेको या चित्रकाराकडे तो शिकला आणि १६१८ मध्ये गुरूचाच जावई झाला. त्याच वर्षी त्यानं अंडी तळणारी म्हातारी रंगवली. मातीच्या भांड्यात अंड्याचा पांढरा भाग नुकता कुठे धरू लागलाय, तो क्षण त्यानं एकोणिसाव्या वर्षी नेमका पकडला. चोविसाव्या वर्षी तो दरबारी चित्रकार झाला. राजा त्यानंतर दुसऱ्या कुणासमोर क्वचितच बसला. रुबेन्ससारखा पाहुणा चित्रकार आला, तर गोष्ट वेगळी!

चित्रं कमी का?
१६५२ मध्ये राजानं त्याला वाड्याचा मुख्य व्यवस्थापक नेमलं. दालनं सजवणं, सामानसुमान सांभाळणं, राजा दौऱ्यावर निघाला की मुक्कामाची सोय लावणं, सगळं त्याच्याच गळ्यात. आज त्याची म्हणून मानली जाणारी चित्रं जेमतेम सव्वाशेच्या आत भरतात.

सराव गुलामावर, परीक्षा पोपसमोर
१६५० मध्ये रोममध्ये दहावे पोप इनोसंट यांचं चित्र काढायचं होतं. त्याआधी हात बसावा म्हणून त्यानं आपला गुलाम आणि मदतनीस हुआन दे पारेहाला समोर उभं केलं. त्याच वर्षी त्यानं पारेहाच्या मुक्ततेच्या कागदावर सही केली, पण आणखी चार वर्षं चाकरी करण्याच्या अटीवर! पारेहा पुढे स्वतः चित्रकार झाला. १९७० च्या लिलावात व्हेलाझ्केझनं काढलेल्या त्याच्या या चित्राला तेवीस लाख पौंडांहून जास्त किंमत आली. दहा लाख पौंडांचा टप्पा ओलांडणारं लिलावातलं ते पहिलंच चित्र. आणि पोप? स्वतःचं चित्र पाहून ते ‘फारच खरं!’ म्हणाले, अशी आख्यायिका आहे.

छातीवरचा क्रॉस मागाहून
‘लास मेनिनास’ (१६५६) या चित्रात मध्यभागी पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता आहे. तिच्यासमोर दासीनं तबकात लाल मातीचा पेला धरलाय. राजा-राणी दिसतात फक्त मागच्या आरशात. चित्रकार मात्र ऐटीत उभा! त्याच्या छातीवर सांतियागो या सरदारी पंथाचा लाल क्रॉस आहे. तो मान त्याला मिळाला १६५९ मध्ये, म्हणजे क्रॉस नंतर रंगवलेला. पंथाची अट अशी, की उमेदवार हातच्या धंद्यावर जगणारा नसावा. मग शंभरावर साक्षी झाल्या आणि हा गृहस्थ चित्रं विकून पोट भरत नाही, असं मित्रांनी सांगितलं. त्यात झुर्बारान आणि आलोन्सो कानो हे चित्रकारही होते!

व्हीनसवर सुरा
त्यानं काढलेली नग्न स्त्रीची एकच कलाकृती आज शिल्लक आहे, लंडनच्या नॅशनल गॅलरीतली व्हीनस. १९१४ मध्ये मेरी रिचर्डसन या मताधिकार चळवळीतल्या बाईनं सहकारी नेत्या एमेलिन पँकहर्स्टच्या अटकेच्या निषेधार्थ मांस तोडायच्या सुऱ्यानं या चित्रावर वार केले. चित्र पुढे दुरुस्त झालं.

लग्नघाई भोवली
१६६० मध्ये फिलिपची मुलगी फ्रान्सच्या चौदाव्या लुईला दिली. सरहद्दीवरच्या त्या सोहळ्यात स्पेनच्या बाजूची सजावट व्हेलाझ्केझकडे होती. माद्रिदला परतला, आजारी पडला आणि ६ ऑगस्टला गेला. काही दिवसांतच बायकोही गेली.

असईचा विजेता आणि पाणीवाला
त्याच्या एका चित्राच्या प्रवासाचा धागा महाराष्ट्राशीही जुळतो. जालना जिल्ह्यातल्या असईला १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८१३ मध्ये स्पेनमधल्या व्हितोरियाच्या लढाईनंतर स्पेनच्या गादीवरून पळणाऱ्या नेपोलियनच्या भावाचं, जोसेफ बोनापार्टचं, सामान वेलिंग्टनच्या हाती लागलं. त्यात राजवाड्यातली चित्रं निघाली, आणि व्हेलाझ्केझचा ‘सेव्हियाचा पाणीवाला’ही. वेलिंग्टननं चित्रं परत द्यायची तयारी दाखवली, पण गादीवर परतलेल्या स्पेनच्या राजानं ती त्यालाच ठेवायला सांगितलं. म्हणून घागरीवर पाण्याचे थेंब चमकणारं ते चित्र पाहायला आज लंडनच्या अ‍ॅप्सली हाउसला जावं लागतं.