चेंडू बॅटला लागून अंगावर आला, तर?

कराडलगतच्या मलकापूरपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात मुलगा प्रथम बॅट हाती घेतो तो क्रिकेटसाठी. पुढे शाळेत बेसबॉलच्या संघात निवड झाली, तरी क्रिकेटची सवय हातापायांतून सहजासहजी जात नाही. त्याने मारलेला चेंडू जमिनीवर आपटून त्याच्याच पायावर आदळला की नेमकी पंचाईत होते. फलंदाज गोंधळून उभा राहतो, प्रतिस्पर्धी चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकतात आणि दोन्ही बाजूंचे पालक पंचांवर ओरडू लागतात. शालेय स्पर्धांतील कामगिरी दहावी-बारावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांशी जोडलेली असल्यामुळे हा आरडाओरडा केवळ हौसेचा नसतो.

क्रिकेटमध्ये बॅटला लागलेला चेंडू फलंदाजाच्या पॅडवर वा बुटावर आदळला, तरी खेळ चालूच राहतो. तो यष्टींकडे वळला, तर फलंदाज बॅटने किंवा पायाने त्याला दुसऱ्यांदा अडवू शकतो. मात्र बॅट न धरलेला हात तेथे चालत नाही. मेलबर्न येथे १९८६ साली ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात यष्टींकडे निघालेला चेंडू हाताने दूर सारल्याबद्दल मोहिंदर अमरनाथ बाद ठरले होते. बेसबॉलमध्ये राखायला यष्टीच नसते, त्यामुळे दुसऱ्यांदा अडविण्याची मुभाही नाही.

मग नियम काय? फलंदाज होम प्लेटशेजारील आखलेल्या चौकटीत उभा असेल, त्याने मारलेला चेंडू त्याच्याच अंगाला लागला आणि त्यात हेतुपुरस्सर अडथळा नसेल, तर तो 'फाऊल' होय. चेंडू तेथेच मृत होतो. कोणी बाद नाही आणि बेसवरील धावकांना पुढे सरकता येत नाही. प्रौढांच्या मैदानावर ही चौकट ४ फूट रुंद आणि ६ फूट लांब असते. बॅट फिरवून झाल्यावर एवढ्याशा जागेत चेंडू चुकवायला फलंदाजाला अवधी नसतो, हे नियमाने मान्य केले आहे. चौकट सोडून पहिल्या बेसकडे धाव घेतल्यावर मात्र ही सवलत संपते. तेव्हा 'फेअर' हद्दीतील चेंडू क्षेत्ररक्षकाने स्पर्श करण्यापूर्वी फलंदाजाला लागला, तर तो बाद. चौकट आणि बाहेरची जमीन यांत अर्ध्या पावलाचे अंतर असते. पंचांची खरी कसोटी येथेच लागते.

दोन स्ट्राइक झालेले असतील, तर फाऊलमुळे गणती पुढे जात नाही आणि फलंदाजाला आणखी एक चेंडू मिळतो. मात्र तो फाऊल बंट करताना, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच टेकविताना झाला असेल, तर तिसरा स्ट्राइक धरून फलंदाज बाद होतो.

बॅटबाबतही असाच बारकावा आहे. फलंदाजाने टाकून दिलेल्या बॅटवर चेंडू घरंगळत येऊन आदळला आणि त्यात हेतू नसेल, तर खेळ चालू राहतो. उलट चेंडू फेअर हद्दीत असताना बॅट त्याला दुसऱ्यांदा लागली, तर फलंदाज बाद. बॅट चेंडूला लागली की चेंडू बॅटला, एवढेच पंचांनी पाहायचे.

पाहणे मात्र सोपे नाही. होम प्लेटमागील पंचाच्या पुढ्यात कॅचर बसलेला असतो. बुटाला ओझरता लागलेला चेंडू त्याला दिसेलच असे नाही. अशा वेळी बेसजवळील पंचाला स्पर्श दिसला, तर त्याने दोन्ही हात वर करून तत्काळ 'फाऊल' पुकारावे, अशी पद्धत आहे. फलंदाजाने मात्र पुकारा होईपर्यंत धावत राहावे. पाय चोळत थांबलेला फलंदाज, पंचांना स्पर्श दिसलाच नसेल तर, पहिल्या बेसवर हमखास बाद होतो.

एकाच डावात दैव कसे दोन्हीकडे झुकते, हे १९६९ च्या अमेरिकेतील 'वर्ल्ड सीरिज'च्या पाचव्या सामन्यात दिसले. सहाव्या डावात कूसमनचा चेंडू बाल्टिमोरच्या फ्रँक रॉबिन्सनच्या अंगावर आदळला. पिचरचा चेंडू थेट अंगाला लागला, तर फलंदाजाला पहिला बेस मिळतो. परंतु पंच लू डिम्युरो यांनी चेंडू आधी बॅटला लागल्याचा निर्णय देऊन फाऊल पुकारला. रॉबिन्सन पुढे स्ट्राइकवर बाद झाला. त्याच डावाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क मेट्सच्या क्लीऑन जोन्सच्या पायाला चेंडू लागला की नाही, असा वाद उद्भवला. मेट्सचे व्यवस्थापक गिल हॉजेस यांनी चेंडूवरील बूटपॉलिशचा डाग दाखविला आणि त्याच डिम्युरो यांनी जोन्सला पहिला बेस बहाल केला. पुढच्याच फलंदाजाने, डॉन क्लेंडेननने, होम रन मारला. तोवर ०-३ असे पिछाडीवर असलेल्या मेट्सने सामना ५-३ असा जिंकून अजिंक्यपदही पटकावले.