कोण कुणाला टोचते?

सकाळी परसदारी मूठभर कणी टाका आणि बाजूला उभे राहून पाहा. पहिल्या मिनिटाला तुम्हाला फक्त गोंधळ दिसेल. फडफड, कॉक्‌कॉक्, धावपळ. आता कणीकडे न पाहता कोंबड्यांच्या डोक्यांकडे पाहा. एखादी कोंबडी दुसरीच्या डोक्यावर किंवा मानेवर चटकन चोच मारते, आणि जिला मारली ती उलट न मारता मुकाट्याने बाजूला होते. काही वेळा तर चोच मारावीही लागत नाही. पहिलीने नुसती मान ताठ करून पाहिले, की दुसरी वळून जाते. कोण मारणार आणि कोण वळणार हे जणू आधीच ठरलेले असते.

ते खरोखरच ठरलेले असते. हे प्रथम पद्धतशीरपणे दाखवून दिले ते नॉर्वेच्या थॉर्लेफ शेल्डेरुप-एब्बे यांनी. त्यांचा जन्म १८९४ सालचा. लहानपणापासूनच त्यांना कोंबड्यांचे वेड होते, आणि कोण कुणाला टोचते याच्या नोंदी ते वहीत करून ठेवीत. १९२२ साली त्यांनी आपली निरीक्षणे जर्मन भाषेत प्रसिद्ध केली. त्यांनी वर्णन केलेल्या या क्रमाला आपण टोचक्रम म्हणू. सर्वांत वरची कोंबडी सर्वांना टोचते. दुसरी तिला सोडून बाकीच्यांना टोचते. असे करीत शेवटी एक उरते, जी सर्वांची टोच खाते आणि कुणालाच टोचत नाही. क्वचित एखादा त्रिकोणही आढळतो, म्हणजे पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी मात्र पहिलीला!

मी शिकवतो पदार्थविज्ञान. कोंबड्यांशी माझा संबंध ताटापुरताच होता. पण एका मे महिन्याच्या सुटीत कोकणात आत्याकडे राहिलो असताना तिच्या परसातल्या सहा कोंबड्या आणि एक कोंबडा रोज समोर दिसू लागले, आणि माझ्यातला मोजमाप करणारा मास्तर जागा झाला. कोंबड्यांना आत्याने रंगावरून नावे दिली होती. काळी, पांढरी, कबरी, दोन तांबड्या, आणि सर्वांत लहान ती बारकी.

मी सहा ओळी आणि सहा रकाने असे कोष्टक आखले. ओळीत टोचणारी, रकान्यात टोच खाणारी. टोचलेली कोंबडी मागे हटली तरच खूण करायची, एरवी नाही, असा नियम ठेवला. सहा कोंबड्यांच्या जोड्या किती? पहिलीच्या पाच, दुसरीच्या उरलेल्या चार, असे धरत गेलात तर १५. म्हणजे पंधरा प्रश्नांची उत्तरे मिळाली, की कळपाचा नकाशा तयार.

चौथ्या दिवशी मला त्रिकोण सापडला. पांढरी कबरीला टोचत होती, कबरी तांबडीला, आणि तांबडी पांढरीला! मला फार आनंद झाला. कोष्टकात काही उलट खुणाही होत्या. त्याच कबरीला तांबडी टोचत असल्याच्या दोन नोंदी माझ्याच अक्षरात होत्या. घाईत चुकल्या असतील असे म्हणून मी त्या खोडून टाकल्या.

प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने आलेखाबाहेर पडणारा बिंदू खोडला, तर मी त्याला काय बोलतो हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारा! खोडलेल्या त्या दोन नोंदीच खऱ्या वाटाड्या होत्या. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले, की तांबड्या दोन आहेत आणि दुरून मी त्यांना ओळखू शकत नाही. दुसऱ्या दिवशी एकीच्या पायात निळा दोरा सैलसर बांधला. (लाल बांधू नका, त्यावर बाकीच्या चोच मारतात.) दोन दिवसांत त्रिकोण नाहीसा झाला. एक तांबडी पांढरीच्या वर होती आणि दुसरी कबरीच्या खाली. क्रम सरळ निघाला: काळी, निळ्या दोऱ्याची तांबडी, पांढरी, कबरी, दुसरी तांबडी, बारकी. या क्रमाने नावे लिहून कोष्टक पुन्हा मांडले, तेव्हा सगळ्या खुणा कर्णाच्या एकाच बाजूला आल्या. दुसरी बाजू कोरी.

एवढा सरळ क्रम यायला नवल का वाटावे? थोडे गणित करू. प्रत्येक जोडीचा निकाल नाणे उडवून लागतो असे समजा. पंधरा जोड्यांचे निकाल ३२,७६८ प्रकारांनी लागू शकतात. त्यांपैकी सरळ, त्रिकोणरहित क्रम फक्त ७२०, म्हणजे साधारण पंचेचाळीसांत एक. दहा कोंबड्या घेतल्या, तर ही शक्यता जवळजवळ ९७ लाखांत एक एवढी खाली येते. तरीही लहान कळपांत सरळ क्रम पुन्हा पुन्हा आढळतो. तेव्हा निकाल नाण्यावर ठरत नाहीत हे उघड आहे.

जी ताकदवान ती वर, असे तुम्ही म्हणाल. ताकदीचा वाटा आहेच. पण १९५० नंतरच्या दशकात लँडाउ या गणितज्ञाने दाखवले, की ताकदीसारख्या गुणांतील फरकाने जिंकण्याची शक्यता नुसती वाढत असेल, तर तेवढ्याने इतका सरळ क्रम सहसा येणार नाही. मग १९८२ साली आयव्हन चेस यांनी अनोळखी कोंबड्या एकत्र आणून क्रम कसा घडतो हेच पाहिले. समजा, तीन कोंबड्या आहेत. पहिलीने दुसरीला हरवले. पुढे बहुतेक वेळा दोनच गोष्टी घडतात. एक तर जिंकलेली तिसरीलाही हरवते, किंवा तिसरी त्या हरलेलीलाच हरवते. आता कागदावर तीन ठिपके काढा आणि बाण जोडा. पहिल्या प्रकारात उरलेल्या दोघींचा निकाल काहीही लागो, त्रिकोण बनूच शकत नाही. दुसऱ्या प्रकारातही नाही. जिंकलेली जिंकत जाते, हरलेली हरत जाते, आणि सरळ क्रम आपोआप तयार होतो.

या सगळ्यासाठी कोंबडीला प्रत्येकीची ओळख असावी लागते. ती मुख्यतः डोके आणि तुरा पाहून पटते. एखादीच्या तुऱ्याचे रूप बदलले, तर ओळखीच्या कोंबड्याही तिला परकी समजतात.

आता जरा अप्रिय भाग. टोचण्याच्या नोंदी भराभर मिळाव्यात म्हणून मी कणी पसरून न टाकता एकाच परातीत ठेवू लागलो होतो. युक्ती उत्तम चालली. अर्ध्या तासात चाळीस-पन्नास खुणा मिळत. दहा-बारा दिवसांनी आत्याने बारकीला उचलले, तिच्या छातीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिले.

"अरे, हाडाला हाड लागलंय हिच्या. तुझ्या वहीपायी माझी कोंबडी उपाशी मारतोस होय?"

मी हात लावून पाहिला. छातीचे हाड सुरीच्या पाठीसारखे लागत होते. बारकी परातीपाशी कधी टिकतच नव्हती, आणि ही गोष्ट माझ्याच कोष्टकात रोज लिहिली जात होती. शेवटच्या रकान्यात सर्वांत जास्त खुणा, शेवटची ओळ रिकामी. मी ते आकडे म्हणून वाचले होते. मला काय बोलावे सुचेना. त्या दिवसापासून मी तिला वेगळे खायला घालू लागलो. बाकीच्यांसाठी तीन भांडी एकमेकांपासून लांब ठेवली आणि उरलेली कणी अंगणभर पसरली. खुणा एकदम कमी झाल्या, क्रम मात्र तोच राहिला. क्रम कोंबड्यांचा होता. टोचण्याचे प्रमाण वाढले होते ते माझ्या परातीमुळे. मोजण्याच्या साधनाने मोजायची वस्तूच बदलते, हे मी वर्गात दरवर्षी ॲमीटरचे उदाहरण देऊन सांगत आलो आहे.

टोचक्रम क्रूर वाटतो, पण तो नसता तर? अमेरिकेत गूल आणि ॲली यांनी १९४४ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही कळपांत ते वरचेवर जुन्या कोंबड्या काढून नव्या सोडत. अशा विस्कटलेल्या कळपांत भांडणे जास्त झाली, कोंबड्यांनी खाल्ले कमी, आणि अंडीही कमी दिली. स्थिर कळपात प्रत्येक दाण्यासाठी नवी लढाई करावी लागत नाही. आत्या नवी कोंबडी आणली की आठवडाभर डालग्याखाली ठेवते, म्हणजे बाकीच्यांना ती दिसते पण टोचता येत नाही. गूलचे नावही तिने ऐकलेले नाही.

कोंबड्याचा या क्रमात समावेश नाही; कोंबड्यांचा क्रम आपसांत वेगळा असतो. आत्याकडे एकच असल्याने तो निर्धास्त होता. दाणा सापडला, की तो चोचीने उचलून टाकतो, एक विशिष्ट आवाज काढतो, आणि कोंबड्या धावत येतात. काही वेळा दाणा नसतानाही तो हा आवाज काढतो! घार दिसली की त्याचा आवाज एक, जमिनीवरून मुंगूस आले की दुसरा. पहिल्याला कोंबड्या झुडपाखाली दबतात, दुसऱ्याला मान उंच करून पाहतात. अनेक कोंबडे एकत्र असतील, तर पहाटे प्रथम आरवण्याचा मानही क्रमानेच मिळतो. जपानमधील संशोधकांनी २०१५ साली हे प्रसिद्ध केले. सर्वांत वरचा आधी आरवतो, मग उतरत्या क्रमाने बाकीचे.

पुढच्या मे महिन्यात गेलो, तेव्हा बारकी खुडूक होऊन उठली होती आणि तिच्याभोवती सात पिल्ले होती. कबरी कणीकडे आली. बारकीने पिसे फुलवली आणि सरळ तिच्या अंगावर गेली. कबरी पळाली. जुनी वही काढून मी शेवटच्या ओळीत पहिली खूण केली.

तुम्हालाही हे करता येईल. घरी कोंबड्या नसल्या तर शेजारी विचारा. सहा ते आठ कोंबड्यांचा कळप बरा. सकाळी खुराडे उघडल्यावर आणि संध्याकाळी कोंबड्या आत शिरताना, असे पंधरा-पंधरा मिनिटे दोन आठवडे पाहा. प्रत्येकीला ओळखता येते याची आधी खात्री करा, कुठलीही नोंद खोडू नका, आणि दाणे पसरूनच टाका. नोंदी सावकाश जमतील, जमू द्या. आठवड्यातून एकदा शेवटच्या कोंबडीला उचलून छातीचे हाड चाचपा, आणि ते कसे लागले हेही कोष्टकाखाली लिहा.